भय अळीचे, दुर्भिक्ष बर्फाचे

गोमंतकीयाच्या घरात दिवस उजाडतो तो 'आज नुस्ते कोणते?' या प्रश्नाने. बाजारात बांगडा आला की नाही, इसवण परवडण्याजोगी आहे की नाही, यावर गृहिणीचा सकाळचा चेहरा आणि घरधन्याचे दुपारचे समाधान अवलंबून असते. ज्या प्रांताचा जेवणाचा बेत, पाहुणचार आणि पुष्कळसा रोजगारही मासळीभोवती फिरतो, त्या प्रांतात मासळीविषयी एखादी वार्ता उठली तर ती वणव्यासारखी पसरावी यात नवल नाही. अलीकडे या वणव्याला नवे सरपण मिळू लागले आहे. कुणाच्या तरी घरी बांगडा साफ करताना कल्ल्यात पायांचा किडा सापडतो, कुणाला माशाच्या पोटात वळवळणारी पांढरी अळी दिसते. लगेच चित्र टिपले जाते, एका भ्रमणध्वनीवरून हजार भ्रमणध्वनींवर जाते, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात बसलेल्या बाईची पाटी दुपार टळली तरी अर्धी भरलेलीच राहते. ते चित्र कुठले, मासा कुठला, किडा कसला, याची चौकशी करण्यास कुणास सवड नसते.

आम्ही या भयाची थट्टा करू इच्छीत नाही. अन्नात किडा दिसला की मन विटणारच, तो मनुष्यस्वभाव आहे. परंतु किळस ही एक गोष्ट आणि धोका ही दुसरी. किळस डोळ्यांना कळते, धोका बहुधा डोळ्यांना दिसतच नाही. मासळीच्या बाबतीत आपण नेमकी हीच गल्लत करीत आलो आहोत. जे दिसते त्याला भितो आणि जे दिसत नाही ते मुकाट्याने गिळतो. म्हणून शास्त्राला ठाऊक असलेल्या चार गोष्टी शांतपणे समजून घेणे आणि मग शासनाला, बाजाराला व स्वतःलाही चार प्रश्न विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की परजीवी नसलेला समुद्र या पृथ्वीतलावर कोठेही नाही. रानातल्या हरणाच्या अंगावर गोचीड असते, गोठ्यातल्या गाईच्या पोटात जंत असतात. त्याच न्यायाने समुद्रातल्या माशालाही त्याचे भाडेकरू असतात. हे भाडेकरू अनेक जातींचे. पण सर्वसामान्य ग्राहकाने तीन प्रकार ध्यानात ठेवले तरी पुरे.

पहिला प्रकार कल्ल्यांत किंवा तोंडात बसणाऱ्या, पायांच्या, फिकट रंगाच्या प्राण्याचा. आपल्या किनाऱ्यावरील बांगड्याच्या कल्ल्याच्या पोकळीत तो अधूनमधून आढळतो. शेवाळलेल्या दगडाखाली किंवा ओल्या लाकडाखाली जे बारीक, कवचाचे, अनेक पायांचे किडे सापडतात त्यांचाच हा दर्यावर्दी चुलता. नात्याने तो कोळंबी आणि कुर्ली यांच्याच कवचधारी वर्गातला. जन्मतः मोकळा पोहणारा हा जीव एखाद्या माशाला चिकटतो, तेथेच वाढतो; आरंभी तो नर असतो आणि पुढे मादी होतो, असा त्याचा चमत्कारिक जीवनक्रम आहे. त्याचाच एक भाऊबंद कॅलिफोर्नियाच्या आखातातील माशाची जीभ शोषून सुकवतो आणि स्वतःच जिभेच्या जागी बसतो, हे १९८३ साली संशोधकांनी नोंदविले आहे. ऐकताना अंगावर काटा येतो खरा. पण माणसाच्या पोटात या प्राण्याला थारा नाही. तो काढून फेकला की काम झाले. आज चित्रे फिरतात ती बहुधा याचीच, आणि तिघांत सर्वांत निरुपद्रवी हाच.

दुसरा प्रकार माशाच्या मांसात रुतून बसलेल्या पांढऱ्या दाण्यांसारख्या किंवा दोऱ्यासारख्या अळ्यांचा. या पट्टकृमींच्या बाल्यावस्था होत. त्यांचे खरे घर मोरी आणि वाघळी यांच्या आतड्यांत. लहान मासा हा केवळ त्यांचा प्रवासातला धर्मशाळेचा मुक्काम. मोरीने तो मासा गिळला की अळीचा प्रवास संपतो आणि ती प्रौढ होते. मराठी वाचकास अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील मोरी व वाघळी यांच्या पोटातील पट्टकृमींच्या अनेक जातींची वर्णने समुद्रापासून कितीतरी दूर असलेल्या औरंगाबादच्या तत्कालीन मराठवाडा विद्यापीठात, डॉ. जी. बी. शिंदे व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९७० व १९८० च्या दशकांत केली. रत्नागिरीच्या बंदरावर मासे तपासून त्यांनी जे ज्ञान गोळा केले ते संशोधनपत्रिकांच्या पानांत आहे. मासळीबाजाराच्या फलकावर मात ते कधी उतरले नाही. या अळ्याही शिजवलेल्या माशातून माणसाला अपाय करीत नाहीत. मांस दिसायला ओंगळ होते, व्यापाऱ्याचे नुकसान होते, एवढेच.

तिसरा प्रकार मात्र गांभीर्याने घेण्याजोगा आहे. त्याचे नाव अनिसाकिस. हा गोलकृमी. त्याचे आईबाप देवमासा, डॉल्फिन अशा सस्तन जलचरांच्या जठरात राहतात. त्यांची अंडी विष्ठेबरोबर पाण्यात येतात, अळ्या कोळंबीसारख्या अतिसूक्ष्म जीवांच्या पोटात जातात, ते जीव मासे व माणकी खातात, आणि अळी माशाच्या आतड्याभोवती, काळजाभोवती घड्याळाच्या कमानीसारखे वेटोळे घालून बसते. लांबी दोन-तीन सेंटिमीटर, रंग पांढुरका. तिला वाट पाहायची असते ती डॉल्फिनची. पण मासा कच्चा अथवा अर्धा कच्चा माणसाच्या पोटात गेला तर ती गोंधळते, जठराच्या भिंतीत डोके खुपसते, आणि काही तासांतच असह्य कळा सुरू होतात. माणसाच्या शरीरात ती वाढू शकत नाही, शेवटी मरते. पण मरण्यापूर्वी रोग्याला आणि कित्येकदा डॉक्टरालाही हैराण करते. जपानात कच्चा मासा खाण्याची रीत असल्याने तेथे हा आजार नित्याचा आहे, आणि दुर्बिणीची नळी घशातून घालून अळी चिमट्याने काढण्याचे तंत्र तेथील वैद्यांच्या हातवळणी पडले आहे. भारतीय किनाऱ्यांवरील माशांतही या कुळातील अळ्यांच्या नोंदी आहेत. तेव्हा 'आमच्या समुद्रात असले काही नाही' असे म्हणून कानावर हात ठेवण्यात अर्थ नाही.

या अळीची ओळख जगाला ज्या रीतीने झाली ती कथा मोठी बोधप्रद आहे. हॉलंडमध्ये हेरिंग नावाचा मासा हलके मीठ लावून कच्चाच खाण्याची जुनी परंपरा आहे. पिढ्यान् पिढ्या डच लोक तो खात आले. मग १९५० च्या दशकाच्या मध्यास असे काय झाले की एकामागून एक रोगी पोटदुखीने तळमळत इस्पितळात येऊ लागले? व्हॅन थील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये त्या दुखण्याचे मूळ हेरिंगमधील या अळीपर्यंत नेऊन पोहोचवले. अळी काही नव्याने जन्मली नव्हती. बदलली होती ती माणसाची रीत. पूर्वी मासा बोटीवरच चिरून, आतडी काढून, भरपूर मिठात घातला जाई. पुढे तो न चिरताच बर्फात ठेवून किनाऱ्यावर आणण्याची पद्धत पडली, आणि मीठही बेताचे झाले. मासा मेल्यावर त्याच्या आतड्याभोवतालच्या अळ्यांना मांसात शिरण्यास अवधी मिळाला, असे या प्रकाराचे स्पष्टीकरण देण्यात आले. डच सरकारने १९६८ मध्ये कायदा केला: कच्चा खावयाचा हेरिंग उणे २० अंश सेल्सिअसला किमान चोवीस तास गोठवल्याखेरीज विकता येणार नाही. कायदा लागू झाला आणि तेथून हा आजार जवळजवळ हद्दपार झाला. हॉलंडने समुद्र धुऊन काढला नाही, हेरिंगवर बंदी घातली नाही, कोळ्यांना तुरुंगात टाकले नाही. रोगाचे मर्म ओळखून एका साध्या गोष्टीची सक्ती केली आणि ती अंमलात आणली. आमच्याकडे कायद्यांचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा आहे तो शेवटच्या क्रियापदाचा.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. या बाबतीत गोमंतकीय गृहिणीने छाती पुढे काढून चालावे अशीच स्थिती आहे. हुमण, आंबट-तीख, सुके, तव्यावरचा रेशाद भरलेला बांगडा, यांतील कोणत्याही प्रकारात मासा कच्चा राहत नाही. माशाच्या गाभ्यापर्यंत ६० अंश सेल्सिअस उष्णता किमान एक मिनिट पोहोचली की अळी मेली, असे युरोपीय नियम सांगतात. आणि उकळत्या हुमणाची उष्णता त्याहून कितीतरी अधिक. आमच्या आजीने सूक्ष्मदर्शक यंत्र पाहिले नव्हते, पण बांगड्याचे पोट विहिरीवर आधी साफ करायचे आणि मगच तो घरात आणायचा, ही तिची शिस्त विज्ञानाच्या कसोटीला पूर्ण उतरते. जाड इसवणीचा तुकडा बाहेरून खरपूस आणि आतून कच्चा राहू देऊ नये, एवढीच खबरदारी आजच्या घाईच्या स्वयंपाकात अधिक हवी.

परंतु गोव्याची पंगत आता केवळ घरच्या ओसरीवर बसत नाही. किनाऱ्यावरच्या उपाहारगृहांत कच्च्या माशाचे जपानी पदार्थ आणि लिंबाच्या रसात मुरवलेले लॅटिन अमेरिकन पदार्थ मिळू लागले आहेत, आणि ते केवळ परदेशी पाहुणेच खातात असेही नाही. येथे एक गैरसमज मुळापासून उपटून टाकला पाहिजे. लिंबू, शिरका, मीठ, मिरी यांनी माशाचे मांस पांढरे पडते, पण अळी मरतेच असे नाही. स्पेनमध्ये शिरक्यात मुरवलेली पेडव्यासारखी लहान मासळी हेच या रोगाचे एक प्रमुख कारण ठरले, आणि तेथील शासनाने २००६ मध्ये फर्मान काढून कच्चा वा मुरवलेला मासा वाढणाऱ्या उपाहारगृहांना तो आधी गोठवणे सक्तीचे केले. युरोपीय नियम उणे २० अंशाला चोवीस तास किंवा उणे ३५ अंशाला पंधरा तास सांगतात; अमेरिकेतील मार्गदर्शन अधिक कडक आहे, उणे २० अंशाला सात दिवस. घरच्या शीतकपाटातील बर्फाच्या खणाला हे तापमान गाठता येईलच असे नाही, म्हणून घरी कच्च्या माशाचे प्रयोग करू नयेत हे बरे. आणखी एक सूक्ष्म गोष्ट. काही माणसांना या अळीच्या प्रथिनांचे वावडे निर्माण होते, आणि त्यांतील काही प्रथिने शिजवूनही नष्ट होत नाहीत. मासा खाल्ल्यावर वारंवार अंगावर गांधी उठत असतील तर 'मासा सोसत नाही' म्हणून सोडून न देता वैद्याचा सल्ला घेणे इष्ट.

अळीचे पुराण येथे संपते, आणि आमच्या मते खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. कारण बांगडा, तारली, कुपा या जातींच्या माशांत एक असा शत्रू निर्माण होतो की ज्याचे छायाचित्र कोणी भ्रमणध्वनीवर पाठवू शकत नाही. या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य स्वभावतःच भरपूर असते. मासा पकडल्यावर उन्हात, उघड्यावर, बर्फाविना राहिला तर जिवाणू त्या द्रव्याचे हिस्टामीन करतात. असा मासा कधी कधी दिसायला ताजा असतो, वासालाही बरा वाटतो. पण खाल्ल्यानंतर काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत चेहरा लालबुंद होतो, डोके ठणकते, छाती धडधडते, अंगाला कंड सुटते, जिभेवर मिरीसारखी चुणचुण होते. आपल्याकडे याला 'बांगडा बाधला' असे म्हणतात, लिंबूपाणी घेतात आणि विसरतात. बहुतेकांना एका दिवसात बरेही वाटते, म्हणून त्याची कोठे नोंद होत नाही. पण ज्याचे हृदय दुबळे आहे किंवा ज्याला दमा आहे त्याला ही बाधा महागात पडू शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की हिस्टामीन शिजवून जात नाही, तळून जात नाही, गोठवूनही जात नाही. डोळ्यांना दिसणारी अळी कढईत मरते. न दिसणारे विष कढईतून सहीसलामत ताटात येते. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने याची सुरक्षिततेची मर्यादा दर किलोस २०० मिलिग्रॅम ठरवून दिली आहे. ती मोजण्याची सोय आपल्या किती बाजारांत आहे, आणि मोजलेले आकडे ग्राहकाला कधी कोणी सांगितले आहेत काय?

या दोन्ही गोष्टींवर, अळी मांसात शिरण्यावर आणि विष तयार होण्यावर, उतारा एकच आहे. तो महाग नाही, परदेशी नाही, त्याला कसल्याही नव्या शोधाची गरज नाही. तो म्हणजे बर्फ आणि वेळ. मासा जाळ्यातून निघाल्याक्षणी थंड करावा, शून्याच्या जवळ ठेवावा, मोठा मासा लवकर चिरून त्याचे पोट साफ करावे, आणि समुद्रापासून ताटापर्यंत ही थंडाईची साखळी कोठेही तुटू देऊ नये. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात मासा आणि बर्फ यांचे प्रमाण वजनाने एकास एक असावे असे तज्ज्ञ सांगतात. आता कोणीही वाचकाने आपल्या जवळच्या बाजारात सकाळी दहा वाजता जाऊन पाहावे. बर्फाचा चुरा माशावर आहे की माशाच्या बाजूला शोभेला आहे? फरशीवरच्या त्याच पाण्यात मासा बुडवून 'ताजा' केला जात नाही ना? सावली आहे काय, नळाला पाणी आहे काय, गटार वाहते आहे की तुंबले आहे? उत्तरे आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही.

त्यातही यांत्रिक मासेमारीला बंदी असलेल्या १ जून ते ३१ जुलै या एकसष्ट दिवसांत आपल्या बाजारातली मासळी मोठ्या प्रमाणावर परप्रांतांतून, पूर्व किनाऱ्यावरूनसुद्धा, मालमोटारींतून येते. आपल्याकडची मासळीही चोर्ल्याचा घाट चढून बेळगावच्या बाजारात जाते. जेवढा प्रवास लांब, तेवढी साखळी तुटण्याची ठिकाणे अधिक. बोटीवरचा खलाशी, बंदरावरचा अडत्या, मोटारीचा चालक, घाऊक व्यापारी आणि पाटी घेऊन बसलेली बाई, अशा पाच हातांतून मासा जातो. यांपैकी कोणत्या हातात तो उबला हे शोधणारी व्यवस्था नसली की दोष शेवटच्या हातावर येतो, कारण ग्राहकाच्या समोर तोच एक हात असतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा न्याय आहे. पहाटे तीनला उठून घाऊक बाजारात बोली लावणाऱ्या, उधारीवर माल उचलणाऱ्या त्या स्त्रीला समुद्रात अळी सोडता येत नाही, आणि बंदरावर बर्फाचा कारखानाही काढता येत नाही. एका फिरत्या चित्राने तिची दिवसाची कमाई जाते. उरलेला माल दुसऱ्या दिवशी स्वस्तात विकण्याचा मोह तिला होतो. आणि तो शिळा माल घेणारा ग्राहक असतो गरीबच. भयाची शिक्षा अशी सर्वांत दुबळ्या माणसांना फिरून भोगावी लागते.

लोकांचा विश्वास एकदा उडाला की काय होते, हे आपण २०१८ मध्ये पाहिले आहे. त्या वर्षी १२ जुलै रोजी मडगावच्या घाऊक मासळीबाजारात अन्न व औषध प्रशासनाने तपासणी केली. जागच्या जागी केलेल्या चाचणीत फॉर्मेलिनचा अंश आढळल्याची वार्ता आली. पाठोपाठ प्रमाण मर्यादेत असल्याचा खुलासा आला. मग मर्यादा कोणती, कोणी ठरवली, असा वाद पेटला. आणि काही दिवसांतच परराज्यांतील मासळीच्या आयातीवर पंधरा दिवसांची बंदी घालण्याची पाळी शासनावर आली. माशात काही प्रमाणात फॉर्माल्डिहाइड नैसर्गिकरीत्याही निर्माण होते, हे खरे आहे. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याच्या मर्यादा ठरवून दिल्या त्या २०१९ मध्ये. म्हणजे आधी वादळ, मग होकायंत्र! सकाळी एक आणि सायंकाळी दुसरे ऐकलेल्या जनतेने शेवटी कशावरच विश्वास ठेवला नाही, आणि तो अविश्वास आजही मासळीच्या प्रत्येक पाटीशेजारी उभा आहे. अळीची चित्रे इतक्या वेगाने पसरतात याचे कारण अळीत नाही, या अविश्वासात आहे. अधिकारवाणीने सत्य सांगणारा कोणी नसला की अफवाच अधिकारी होते.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आणि साध्या आहेत. पहिली, प्रत्येक मासेमारी बंदरावर आणि प्रत्येक मोठ्या बाजारात पुरेसा, स्वच्छ पाण्याचा, परवडणाऱ्या दराचा बर्फ चोवीस तास मिळावा. नौकेच्या इंधनाला अनुदान देता येते, तर बर्फाला का नाही? दुसरी, मोठ्या बाजारांत मासळी तपासणारा प्रशिक्षित माणूस आणि त्याच्या हाताशी किमान साधने असावीत. माशाचे तुकडे उजेडाच्या मेजावर धरून अळ्या हेरण्याची युक्ती परदेशांतील कारखान्यांत जुनी आहे. तिला लागते काय, तर एक काच आणि तिच्याखाली एक दिवा. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने फॉर्मेलिन व अमोनिया ओळखण्याच्या कागदी पट्ट्या तयार केल्या. हिस्टामीनची नियमित तपासणीही तशीच बाजाराच्या दाराशी आली पाहिजे. तिसरी, कच्चा मासा वाढणाऱ्या उपाहारगृहांना मासा गोठवल्याची तारीखवार नोंद ठेवणे ही परवान्याची अट व्हावी, आणि ती नोंद तपासली जावी. चौथी, तपासणीचे निष्कर्ष, चांगले असोत वा वाईट, ठरलेल्या दिवशी मराठी व कोंकणीतून बाजाराच्या फलकावर लागावेत. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोना पावल येथे आपल्या अंगणात आहे, विद्यापीठ आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे. एवढी सरस्वती ज्या भूमीत नांदते तेथे माशातला किडा कोणता हे सांगायला चार दिवस लागू नयेत.

या मागण्यांना एक उत्तर ठरलेले असते: 'अळी एकही असता कामा नये' असा फतवा काढावा आणि मोकळे व्हावे. हे फसवे आहे. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितासुद्धा गोठवलेल्या माशांबाबत शून्याचा आग्रह धरीत नाही. एका किलोच्या नमुन्यात तीन मिलिमीटरहून मोठ्या कोशातल्या किंवा दहा मिलिमीटरहून लांब सुट्या, अशा दोन वा अधिक अळ्या आढळल्या तर तो माल सदोष समजावा, असा तिचा व्यवहारी दंडक आहे. अशक्य नियम केला की तो मोडणारे सगळेच गुन्हेगार ठरतात, आणि सगळेच गुन्हेगार ठरले की कुणालाच शिक्षा होत नाही; फक्त हप्त्याचा दर वाढतो.

ग्राहकांनीही स्वतःकडे पाहावे. बर्फातला मासा 'शिळा' आणि उन्हातला मासा 'ताजा' ही आपली जुनी समजूत विक्रेत्याला बर्फ वापरू देत नाही. उघड्यावरचा चकचकीत बांगडा पाहून आपण भुलतो आणि बर्फाखालचा टाळतो. घासाघीस दरावर करतो, थंडाईवर करीत नाही. बाजारातून मासा घेतल्यावर तो पिशवीत लोंबकळत ठेवून आणखी दोन कामे उरकतो आणि दुपारी घरी येऊन बाजाराला नावे ठेवतो. ज्या दिवशी ग्राहक 'बर्फ कुठे आहे?' असे प्रत्येक पाटीपाशी विचारू लागेल, त्या दिवशी निम्मे काम शासनाविनाही होईल.

शेवटी एक विचार समुद्राचा. अनिसाकिसचे वास्तव्य आहे याचा अर्थ त्या पाण्यात देवमासे व डॉल्फिन आहेत, त्यांना पुरेसे मासे आहेत, माशांना पुरेसे सूक्ष्म जीव आहेत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील संशोधकांनी जगभरच्या जुन्या-नव्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा १९६२ ते २०१५ या काळात माशांतील या अळीचे प्रमाण २८३ पट वाढल्याचे त्यांना दिसले. सागरी सस्तन प्राण्यांना अनेक देशांनी संरक्षण दिल्यावर त्यांची संख्या सावरत आहे, हे त्यामागचे एक संभाव्य कारण मानले जाते. पर्यटकांना होडीत बसवून ज्या डॉल्फिनच्या उड्या आपण कौतुकाने दाखवितो, त्याच्याच कुळाच्या जठरात ही अळी नांदते. पाहुण्याला डॉल्फिन दाखवायचा आणि अळी पाहून किंचाळायचे, हे फार काळ चालणार नाही. समुद्र जिवंत हवा असेल तर त्याचे सारे गोत्र पत्करावे लागेल, आणि त्याच्याशी शहाणपणाने वागण्याची रीत शिकावी लागेल.

साप साप म्हणून भुई धोपटण्याने साप मरत नाही, भुई मात्र उखडते. अळी अळी म्हणून मासळीबाजार धोपटण्याने समुद्रातील एकही अळी कमी होणार नाही. बाजार मात्र ओस पडेल, आणि तो ओस पडलेला बाजार पुन्हा भरेल तो बर्फाविनाच. येत्या १ जूनला बंदीचा काळ सुरू होईल, दूरच्या किनाऱ्यांवरून मालमोटारी येऊ लागतील आणि नवी चित्रे फिरू लागतील. त्या दिवशी बंदरावरचा बर्फाचा कारखाना चालू असेल काय आणि बाजाराच्या दारात तपासनिसाचा दिवा लागलेला असेल काय, एवढेच आम्ही शासनास आज विचारून ठेवतो. उत्तर शब्दांत नको. पाटीतल्या माशाला हात लावल्यावर तो थंड लागला, की आम्हांस ते पोहोचेल.